आईच्या डोक्यातील नोंदवही

दवाखान्यात आलेल्या एखाद्या आजोबांना मी विचारते, "रक्तदाबाची कोणती गोळी घेता?" आजोबा क्षणभर विचार करतात आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहतात. सून सांगते, "सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी." तेवढ्यात गाडी लावून मुलगा आत येतो. त्याला विचारले, तर तो हसून म्हणतो, "ते सगळं हिला माहीत."

हा संवाद मी गेली २७ वर्षे ऐकते आहे आणि तितकीच वर्षे त्या सुनेला मनापासून शाबासकी देत आले आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र एक शनिवार असा उजाडला, की ती शाबासकी देताना आता माझी जीभ थोडी अडखळते. त्या शनिवारची हकीकत आज सांगते. ती माझ्याच घरातील आहे आणि तिच्यातील चूकही बरीचशी माझीच आहे. सासूबाईंची परवानगी घेऊनच लिहीत आहे. "लिही, पण माझं वय आहे तेवढंच लिही, उगाच वाढवू नकोस," एवढीच त्यांची अट होती. तेव्हा नोंद असावी, की त्या दिवशी त्यांचे वय ८१ होते.

पावणेसहा ते साडेनऊ

आमचे घर साताऱ्यात आहे; खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड. डॉक्टरीणबाईंना कामावर जाण्यायेण्याचा त्रास नाही, असे लोक म्हणतात. दिवसातून तो जिना मी किती वेळा चढते-उतरते, याचा हिशेब माझ्या गुडघ्यांनी ठेवला आहे.

दिवस पावणेसहाला सुरू होतो. पहिले काम म्हणजे सासूबाईंची थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. आमच्या घरातील सर्वांत दीर्घ अर्धा तास हाच. दर पाच मिनिटांनी आतून प्रश्न येतो, "झाला का गं अर्धा तास?" मी "अजून वीस मिनिटं" म्हणते आणि त्याच क्षणी दूध उतू जाते. बारावीत असलेल्या चिरंजीवांचा कॅल्क्युलेटर नाहीसा झालेला असतो. घरून नोकरी करणारी कन्या दार किलकिले करून सांगते, "आई, मिक्सर नको, माझी मीटिंग आहे." म्हणजे चटणी पाट्यावर वाटायची, पाटा गच्चीवर आणि गच्चीची किल्ली कुठे, हे केवळ मलाच ठाऊक. यजमान घरभर चष्मा शोधत असतात. तो त्यांच्या कपाळावरच असतो. परंतु हे त्यांना सांगण्याचा मान परंपरेने माझा आहे.

त्यात आमच्या घरी "आई" अशी हाक आली की दोघीजणी एकदम "ओ" देतात. यजमानांची आई त्या, मुलांची आई मी. सासूबाईंना कॅल्क्युलेटरचा पत्ता विचारला जातो आणि मला विचारले जाते, "आई, तुझी कवळी धुऊन ठेवू का?" या गदारोळात खालून कंपाउंडरची हाक येते, "मॅडम, पेशंट बसलेत!" आणि मी हाताला लागलेली कणीक पुसत जिना उतरते.

असा कारभार असताना कधीमधी घोटाळे व्हायचेच. दवाखान्याच्या जुन्या लेटरहेडच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी लिहिण्याची मला सवय होती. एके दिवशी कोपऱ्यावरील औषधविक्रेत्यांचा फोन आला. अत्यंत अदबीने त्यांनी विचारले, "मॅडम, पाव किलो भेंडी आणि मेथीच्या दोन जुड्या लिहून दिल्यात, किती दिवस घ्यायच्या?" खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन यजमान त्या वेळी मंडईत उभे होते. त्या रुग्ण आजीबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, भेंडीनं गुण आला हो." आम्ही सारेच पोट धरून हसलो. ही पुढच्या घोटाळ्याची पूर्वसूचना आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

खरे सांगायचे तर मला या गोंधळाचा थोडा अभिमानच होता. कॅल्क्युलेटरपासून कवळीपर्यंत आणि विम्याच्या हप्त्यापासून सासूबाईंच्या पाच गोळ्यांपर्यंत सारे माझ्या डोक्यात होते. "आईला विचारा," हे आमच्या घरातील सर्व प्रश्नांचे उत्तर होते. आपल्यावाचून घराचे पान हलत नाही, ही भावना कोणत्या आईला सुखावत नाही?

सात मिनिटांचा निरोप

त्या शनिवारी आणि रविवारी पुण्याला डॉक्टरांची परिषद होती. मी शुक्रवारी रात्रीच निघाले. जाताना दवाखान्याला कुलूप लावले, किल्ली सवयीने पर्समध्ये टाकली आणि गाडीत बसल्यावर घरच्यांसाठी मोबाइलवर बोलून सूचनांचा निरोप पाठवला. तो सात मिनिटांचा होता. गॅसच्या नळीपासून कुंड्यांच्या पाण्यापर्यंत सर्व काही त्यात होते. नंतर झालेल्या चौकशीत असे निष्पन्न झाले, की यजमानांनी त्यातील पहिली दीड मिनिटे ऐकली, कन्येने तो दीडपट वेगाने, दात घासत ऐकला आणि चिरंजीवांनी त्याला अंगठा दाखवून पसंती कळवली. ऐकला मात्र नाही.

त्या निरोपाच्या पहिल्या मिनिटाला मी सांगितले होते, "आईंना सकाळी नाश्त्याआधी मधुमेहाची गोळी द्या." सहाव्या मिनिटाला मी म्हटले होते, "आणि हो, उद्या संकष्टी आहे. आईंचा उपवास असतो, त्या दिवशी ही गोळी द्यायची नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय." सहावे मिनिट कोणापर्यंतच पोहोचले नाही.

एवढ्यावर थांबले असते, तरी एक चूक झाली असती. पण यजमानांच्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नव्हता. म्हणून काही दिवसांपूर्वीच चिरंजीवांच्या मोबाइलवर मी रोज सकाळी साडेआठचा गजर लावून ठेवला होता. त्यावर लिहिले होते, "आजीची हिरवी गोळी." एका कामासाठी दोन माणसे नेमली आणि दोघांनाही एकमेकांविषयी सांगितले नाही. अशा वेळी एक तर ते काम कोणीच करत नाही किंवा दोघेही करतात.

दुसरा शनिवार असल्यामुळे यजमानांना बँकेची सुट्टी होती. त्यांनी पावणेआठला आईंना गोळी दिली आणि ते फिरायला गेले. साडेआठला गजर वाजला. चिरंजीवांनी अभ्यास बाजूला ठेवून तत्परतेने आजीला गोळी दिली. सासूबाईंनी दोन्ही गोळ्या घेतल्या. का घेतल्या, असे मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, डॉक्टरच्या घरात गोळी म्हणजे प्रसाद. हात पुढे आला की घ्यायची. मला वाटलं, उपवासाची वेगळी असेल." सकाळपासून त्यांच्या पोटात कपभर दूध आणि दोन केळ्यांच्या फोडी, एवढेच होते.

"आजी काहीतरीच बोलतेय"

साडेअकराच्या सुमारास माझा मोबाइल थरथरला. सभागृहात व्याख्यान सुरू होते, म्हणून मी पहिला फोन घेतला नाही. दुसऱ्या फोनला बाहेर आले. कन्या होती.

"आई, आजी काहीतरीच बोलतेय. भैयाला 'अण्णा' म्हणून हाक मारली. मघापासून तेच लुगडं घडी घालते, मोडते, परत घालते."

अण्णा म्हणजे सासूबाईंचे थोरले बंधू. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली.

"बाबा म्हणतात, झोप झाली नसेल. मला वाटलं, वयामुळे असं होत असेल."

मी विचारले, "घाम आलाय का?"

"हो, अगं, कपाळ ओलं झालंय. पंखा लावला तरी."

"हात लावून बघ. गार आहेत?"

"गार आहेत. थरथरतायत पण."

"गोळी कोणी दिली?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग दोन आवाज एकदम आले, "मी."

वाचकहो, परिषदेच्या त्या प्रशस्त मांडवात उभी असताना माझे पाय गळाले. मी म्हटले, "ग्लुकोमीटर काढ." ग्लुकोमीटर कपाटात होता, पट्ट्याही होत्या, पण त्यातील चपटा सेल नव्हता. तो आठवड्यापूर्वी चिरंजीवांनी वजनकाट्यात घातला होता. "खाली दवाखान्यातला आणू का?" असे कोणीतरी विचारले आणि माझ्या खांद्यावरची पर्स मला एकदम जड वाटू लागली. किल्ली तीतच होती.

यजमानांनी तोवर फ्रिजमधून कंदी पेढ्यांचा पुडा काढला होता. साताऱ्याच्या माणसाला संकटकाळी दुसरे काय सुचणार? मी ओरडलेच, "पेढा नको! साखरेचं पाणी करा. अर्धा पेला पाण्यात चार लहान चमचे साखर. बसवून, हळूहळू, एकेक घोट पाजा."

यंत्र नव्हते, म्हणून वाट पाहिली नाही. पहिला पेला संपल्यावर पंधरा मिनिटे माझा फोन सुरूच होता. मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग पुन्हा साखरेचे पाणी दिले. काही वेळाने सासूबाईंचा ओळखीचा, किंचित त्रासिक स्वर कानी आला, "अरे, साखर उपवासाला चालते, पण किती ती!"

चिरंजीवांना नंतर विचारले, की तुला सर्वांत जास्त भीती केव्हा वाटली. तो म्हणाला, "आजी शुद्धीवर आली तेव्हा. तोपर्यंत मला ते एवढं गंभीर आहे, हे कळलंच नव्हतं."

त्यांना लगेच जवळच्या फिजिशियन मित्रांच्या रुग्णालयात नेले. तेथे पोहोचताना साखर १०४ होती. घरच्यांना वाटले, आता परत न्यावे. डॉक्टरांनी थांबवून घेतले आणि ते किती योग्य होते, हे दुपारीच कळले. तीन वाजता साखर पुन्हा ५८ पर्यंत उतरली. तोवर मी खंबाटकी घाट ओलांडून आले होते. रात्रभर त्यांना ग्लुकोजच्या सलाइनवर ठेवावे लागले. उपवास मोडावा लागला, याची त्यांना रुखरुख होती. डॉक्टरांनी हात जोडून म्हटले, "आजी, गणपतीबाप्पा रागावणार नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तो समजूतदार आहे हो. प्रश्न आमच्या सुनेचा आहे."

साखर उतरते तेव्हा

या प्रसंगातून प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात, अशा काही गोष्टी आता डॉक्टर या नात्याने सांगते.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की ती धोक्याची पातळी समजतात. तरुण माणसाला अशा वेळी भूक, धडधड, थरथर जाणवते आणि तो स्वतःच काहीतरी खातो. वृद्धांमध्ये ही लक्षणे पुसट असू शकतात. त्यांच्यात पुष्कळदा केवळ गोंधळलेपणा दिसतो. माणूस असंबद्ध बोलतो, एकच क्रिया पुन्हा पुन्हा करतो, चिडतो, तोल जाऊन पडतो किंवा अवेळी गाढ झोपतो. घरचे म्हणतात, "वय झालं." म्हणून हे वाक्य कृपया लिहून ठेवा: वय एका सकाळीत होत नाही. काल रात्री नीट बोलणारी व्यक्ती आज सकाळी बरळत असेल, तर तो आजार आहे, वय नव्हे. साखर उतरणे हे त्याचे एक कारण. पक्षाघात, जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, ही इतरही कारणे असू शकतात आणि त्यांतील प्रत्येकाला तातडीची तपासणी लागते.

मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीमध्ये अशी लक्षणे दिसली, तर शक्य असल्यास साखर तपासावी. यंत्र नसेल, सेल संपला असेल, तर साखर कमी झाली आहे असे धरून चालावे. व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. सुधारणा नसेल, तर पुन्हा तेवढेच द्यावे. पेढा, बर्फी, चॉकलेट यांत स्निग्ध पदार्थ असल्यामुळे त्यांतील साखर रक्तात उशिरा पोहोचते. पहिला उपाय म्हणून ते उपयोगाचे नाहीत. बरे वाटू लागले, की पोळी, भात, बिस्किटे असे काहीतरी खाऊ घालावे. व्यक्ती बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंडे दुर्बल असतील, तर अधिकच. एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, जशी आमच्या घरी उतरली. म्हणून अशा रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावेच.

उपवासाविषयीही मोकळेपणाने बोलायला हवे. आपल्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे उपवास वर्षभर असतात. आजी-आजोबांनो, उपवास करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, "त्या दिवशी माझ्या कोणत्या गोळीचे काय करायचे?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका आणि पोटात काही नसताना केवळ वेळ झाली म्हणून घेऊही नका. उपवास चुकवून आलेले पाप आम्हा डॉक्टरांच्या खात्यावर टाका. तेथे भरपूर जागा आहे.

फ्रिजच्या दारावर

रविवारी सासूबाई घरी आल्या. संध्याकाळी आम्ही पाचही जण जेवणाच्या मेजाभोवती बसलो. यजमान खाली मान घालून होते आणि चिरंजीवांचे डोळे सुजले होते. मी त्या दोघांवर रागावू शकले नाही. दोघांनीही गोळी प्रेमाने आणि वेळेवर दिली होती. चूक गोळी देण्यात नव्हती. सारे काही एकाच डोक्यात साठवून ते डोके पुण्याला नेण्यात होती. मी आजारी पडले असते, तरी हेच झाले असते.

कन्येने एक कोरा कागद घेतला आणि मला म्हणाली, "बोल. सगळं बोल." मी पाऊण तास बोलत होते. त्या कागदावर आता प्रत्येकाच्या नावापुढे औषधाचे नाव, मात्रा, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, हे लिहिलेले आहे. खाली लाल शाईत अपवाद आहेत: उपवासाच्या दिवशी काय, उलट्या-जुलाब होत असतील तर कोणाला विचारायचे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. सर्वांत खाली फोन क्रमांक आणि दवाखान्याच्या दुसऱ्या किल्लीची जागा.

हा कागद तुम्हीही करा आणि त्यासोबत आम्ही घालून घेतलेले काही नियमही पाळून पाहा.

गोळी रंगावरून ओळखू नये. औषधाची कंपनी बदलली, की रंग बदलतो. आमची "हिरवी" गोळी पुढच्याच महिन्यात पिवळी झाली. पाकिटावरील नाव आणि मात्रा वाचावी; अक्षरे बारीक असतील, तर जाड पेनाने पाकिटावर लिहावे.

एका वेळच्या गोळीची जबाबदारी एकाच माणसाची असावी. सकाळची गोळी यजमान देतात, रात्रीची कन्या. कोणाला जमणार नसेल, तर त्याने दुसऱ्याला तोंडी सांगून ती सोपवावी. गोळी दिली, की लगेच तारखेपुढे खूण करावी. "नंतर करतो" चालणार नाही.

आठवड्याच्या सात दिवसांचे कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी ती भरावी. सकाळचा कप्पा रिकामा दिसला, की गोळी दिली गेली, हे कोणालाही वाद न घालता कळते.

गोळी दिली की नाही, अशी शंका असेल, तर दुसऱ्यांदा देऊ नये. आधी डॉक्टरांना फोन करावा. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्या बाबतीत हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा.

ग्लुकोमीटरचा सेल आणि पट्ट्यांवरील मुदत दर महिन्याच्या एक तारखेला तपासावी. वजनकाट्यासाठी वेगळा सेल आणावा. दोन्ही मिळून फार खर्च होत नाही.

आणि ज्येष्ठ वाचकहो, सर्वांत मोठा नियम तुमच्यासाठी आहे. औषध हा प्रसाद नव्हे. हात पुढे आला, तरी विचारा, "ही कशाची? मघाशी एक घेतली, ती कोणती?" विचारणाऱ्या आजीला "तुला काय कळतंय" असे म्हणणाऱ्यांना हा अंक वाचायला द्या. सासूबाई आता प्रत्येक गोळीची झडती घेतात. आठवड्याची डबीही त्याच भरतात. कन्या केवळ शेजारी बसून ताडून पाहते. दरम्यान त्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून मधुमेहाची गोळीच बदलली. या वयात साखर अगदी काटेकोर ठेवण्यापेक्षा ती एकदम उतरू न देणे अधिक महत्त्वाचे असते, असे त्यांनी आम्हाला समजावले. तुमच्या घरातील ज्येष्ठांच्या बाबतीतही हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

एक रकाना रिकामा

कागद पूर्ण झाला, असे मला वाटले. कन्येने तो वरपासून वाचला. आजी, बाबा, तिचा स्वतःचा दम्याचा पंप, भावाची धुळीची ॲलर्जी. मग ती थांबली.

"आई, यात तू कुठे आहेस?"

"मला काय झालंय?"

"तुझं बीपी किती आहे?"

वाचकहो, ज्या बाईने आदल्या आठवड्यात कितीतरी लोकांचे रक्तदाब मोजले होते, तिला स्वतःचा आठवेना. शेवटचा केव्हा मोजला, हेही आठवेना. बहुधा वर्ष-दीड वर्ष झाले असावे. सासूबाई म्हणाल्या, "आण गं ते यंत्र." चिरंजीवांनी पट्टा बांधला. १५८ वर ९६. दगदगीमुळे असेल, असे मी म्हटले. रुग्ण मला जे सांगतात, तेच आणि त्याच स्वरात. पुढच्या दोन आठवड्यांत निरनिराळ्या वेळी मोजला, तरी तो खाली येईना. शेवटी त्याच फिजिशियन मित्रांपुढे रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसले. आता माझ्याही नावापुढे एक गोळी आहे, रात्री नऊची.

घरचा गोंधळ संपला, असे समजू नका. दूध अजूनही उतू जाते, चष्मा अजूनही कपाळावरच असतो. फ्रिजवरच्या कागदावर हळदीचा डाग पडला आहे आणि कोपऱ्यात कोणीतरी "कॅल्क्युलेटर: सोफ्याखाली" अशी नोंद केली आहे. गोंधळ असायला हरकत नाही. त्यात कोणाचा जीव अडकू नये, एवढे पाहायचे.

पुढील अंक येईपर्यंत दोन गोष्टी करा. घरातील सर्वांच्या औषधांचा कागद लिहून भिंतीवर लावा. आणि ज्या बाईकडून तो लिहून घ्याल, तिला खुर्चीवर बसवून पाच मिनिटे विश्रांती द्या, मग तिचा रक्तदाब मोजा. ती "मला काय झालंय" म्हणेल. ऐकू नका.

आमच्याकडे रात्री नऊ वाजता आतून हाक येते, "अगं, घेतलीस का?" पूर्वी हा प्रश्न मी विचारत असे. घेतली नसेल, तर सासूबाई स्वतः पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहतात आणि गोळी गिळेपर्यंत हलत नाहीत.